घारीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं का? शिकारी पक्ष्यांवरच्या नेत्रशस्त्रक्रियेमागचं तंत्रज्ञान, सोप्या मराठीत

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, घाटकोपरमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक घार सापडली. डाव्या पंखाला मांजा गुंडाळलेला होता आणि डावा डोळा मिटलेला. वॉचमन काका म्हणाले, "हात लावू नकोस, चोच मारेल." मी हात लावला नाही, पण त्याहून वाईट गोष्टी केल्या. फ्लॅश लावून व्हिडिओ काढला, बाटलीच्या झाकणाने तिच्या चोचीत पाणी ओतायचा प्रयत्न केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर "कोणाला काही माहीत आहे का?" असं विचारत दीड तास घालवला. मग कोणीतरी वनविभागाचा १९२६ हा नंबर टाकला.

घारीला नेलं, उपचार सुरू झाले. तीन आठवड्यांनी कळलं की तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. मी लगेच म्हणालो, "मग काढून टाका ना! माझ्या आजीचा वीस मिनिटांत काढला होता." डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आजीला उडता उडता उंदीर पकडायचा नव्हता."

त्या एका वाक्यामुळे मी या विषयात शिरलो. पक्ष्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन खरंच होतं का? कोणत्या मशीनने? आणि होत असेल, तर सगळ्यांचं का करत नाहीत? चला, एकेक करून समजून घेऊ.

आधी पक्ष्याचा डोळा समजून घेऊ

घार, शिक्रा, गरुड, घुबड हे सगळे डोळ्यांवर जगणारे पक्षी. शरीराच्या मानाने त्यांचे डोळे खूप मोठे असतात. आपल्या डोळ्यापेक्षा त्यांचा डोळा चार बाबतींत वेगळा असतो आणि या चारही गोष्टी ऑपरेशन अवघड करतात.

१. डोळ्यात हाडं असतात. पक्ष्यांच्या बुबुळाभोवती छोट्या छोट्या हाडांच्या पट्ट्यांचं एक कडं असतं. घुबडात ते इतकं लांबट असतं की डोळा चेंडूसारखा गोल न राहता नळीसारखा होतो. म्हणून घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, ते अख्खी मान फिरवतं. त्याच्या मानेत १४ मणके असतात (आपल्या मानेत ७) आणि मान साधारण २७० अंशांपर्यंत वळते.

२. बाहुली पक्ष्याच्या ताब्यात असते. आपल्या डोळ्यातली बाहुली उजेडानुसार आपोआप लहानमोठी होते. पक्ष्याच्या बुबुळात मात्र हातापायासारखे, इच्छेने हलवता येणारे स्नायू असतात. त्यामुळे आपल्या डोळ्यात बाहुली मोठी करण्यासाठी जे ड्रॉप्स टाकतात, ते पक्ष्यावर चालत नाहीत. त्यांच्यासाठी स्नायू सैल करणारं वेगळं औषध डोळ्यात टाकावं लागतं.

३. पडद्याला रक्तवाहिन्या नसतात. आपल्या रेटिनावर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. पक्ष्याच्या रेटिनावर ते नसतं, म्हणून दृष्टी स्वच्छ राहते. पडद्याचं पोषण बऱ्याच अंशी 'पेक्टेन' नावाचा कंगव्यासारखा, रक्तवाहिन्यांनी भरलेला भाग करतो. डोक्याला जोरात मार बसला की पेक्टेनमधून रक्तस्राव होतो आणि डोळा आतून रक्ताने भरतो. बाहेरून पाहिलं तर कधी कधी काहीच दिसत नाही.

४. तिसरी पापणी. डोळ्यावरून आडवी सरकणारी, वायपरसारखी पापणी. ती डोळा साफ आणि ओला ठेवते. ती फाटली तर बुबुळ कोरडं पडतं.

आणखी एक गोष्ट. दिवसा शिकार करणाऱ्या बहुतेक शिकारी पक्ष्यांच्या प्रत्येक डोळ्यात सर्वात स्पष्ट दिसण्याच्या दोन जागा असतात, आपल्या डोळ्यात एकच. एक जागा बाजूचं लांबचं पाहायला आणि दुसरी समोरचं दोन्ही डोळ्यांनी नेम धरून पाहायला. एक डोळा गेला की ही नेम धरायची सोय जाते.

मुंबईच्या उपनगरात डोळे जखमी कसे होतात?

सर्वात मोठं कारण म्हणजे मांजा. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत संक्रांतीला गच्च्या पतंगांनी भरलेल्या असतात आणि त्याच हवेत घारी घिरट्या घालत असतात. नायलॉनच्या आणि काचेचा थर दिलेल्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, पण झाडांवर लटकलेला मांजा सण संपल्यावरही कित्येक महिने तसाच राहतो. मांजा पंख कापतो, हे आपल्याला माहीत असतं. पण पंख कापलेला पक्षी खाली कशावर तरी आदळतो आणि डोळ्याला मार बसतो तो तिथे.

दुसरं कारण काचा. अंधेरीतल्या काचेच्या इमारतींमध्ये आकाशाचं प्रतिबिंब दिसतं आणि पक्षी सरळ त्यावर धडकतो. तिसरं कारण गाड्या. रात्री रस्त्याच्या कडेला उंदीर पकडायला खाली आलेलं गव्हाणी घुबड हेडलाइटच्या झोतात सापडतं. चौथं कारण कावळे. दिवसा चुकून बाहेर पडलेल्या घुबडाच्या पिल्लाला कावळे घेरतात आणि टोचून टोचून हैराण करतात.

तपासणी: छोटी यंत्रं, मोठं काम

पक्षी "मला डावीकडचं दिसत नाही" असं सांगत नाही. उलट जखमी असल्याचं तो लपवतो, कारण जंगलात कमजोर दिसणं धोक्याचं. म्हणून तपासणी यंत्रांवर अवलंबून असते.

* हिरवा रंग: फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यात टाकून निळा प्रकाश मारतात. कॉर्नियावर ओरखडा असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. आमच्या घारीच्या डोळ्यात अशी एक हिरवी रेघ दिसली होती.
* टोनोमीटर: डोळ्यातला दाब मोजणारं छोटं यंत्र. त्यातली बारीक सुई कॉर्नियाला क्षणभर स्पर्श करून परत येते. ती किती वेगाने उसळली यावरून दाब कळतो. त्यासाठी पक्ष्याला भूल द्यावी लागत नाही.
* सोनोग्राफी: आत रक्त किंवा मोतीबिंदू असेल तर प्रकाश मागे पोहोचत नाही, पण ध्वनिलहरी पोहोचतात. रेटिना जागेवर आहे की सुटलाय, हे त्यात दिसतं.
* ईआरजी: डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकून रेटिना विजेचा संदेश तयार करतो का, ते मोजतात. थोडक्यात, डोळ्याचा ईसीजी.
* मोबाईल: होय, आपलाच. मोबाईलचा कॅमेरा आणि हातात धरलेलं एक खास भिंग एवढ्यावर डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढता येतो. माणसांच्या तपासणीत ही पद्धत वापरतात आणि प्राण्यांचे डॉक्टरही ती वापरू लागलेत. फोटो लांबच्या नेत्रतज्ज्ञाला पाठवून सल्ला घेता येतो, हा मोठा फायदा.

ऑपरेशन कोणती होतात?

*१. कॉर्नियाची दुरुस्ती.* साधा ओरखडा औषधाने भरतो. खोल जखम असेल तर माणसाच्या केसापेक्षाही बारीक धाग्याने, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालतात. कधी तिसरी पापणीच काही दिवस डोळ्यावर ओढून शिवून ठेवतात. पक्ष्याची स्वतःचीच मलमपट्टी!

*२. मोतीबिंदू.* इथे जे मशीन लागतं ते तुमच्या-माझ्या आजीच्या ऑपरेशनचंच असतं, फेको मशीन. त्याचा शोध गमतीशीर आहे. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स केलमन दंतवैद्याकडे गेले होते. तिथे ध्वनिलहरींनी दात साफ करणारं यंत्र पाहून त्यांना सुचलं की हीच युक्ती मोतीबिंदू फोडायला वापरता येईल. १९६७ मध्ये त्यांनी ही पद्धत आणली. कॉर्नियाला अगदी छोटी चीर देऊन बारीक सुई आत घालतात. ती सुई सेकंदाला हजारो वेळा थरथरते, धूसर झालेली लेन्स फोडते आणि चुरा ओढून घेते. तरुण पक्ष्याची लेन्स मऊ असते, त्यामुळे ती कधी कधी नुसती ओढूनही निघते.

अडचण पुढे येते. आजीच्या डोळ्यात नवी कृत्रिम लेन्स बसवतात. पक्ष्याच्या डोळ्याचा आकार आणि नंबर वेगळा असल्याने माणसाची लेन्स तशीच चालत नाही, खास बनवून घ्यावी लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये शिंगळ्या जातीच्या एका मोठ्या घुबडाच्या दोन्ही डोळ्यांत अशा लेन्स बसवल्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण बहुतेक पक्ष्यांचा डोळा लेन्सशिवायच राहतो. उजेड, आकार, हालचाल दिसते, फोकस मात्र पक्का होत नाही.

*३. डोळा काढणं.* डोळा निकामी झाला असेल आणि दुखत असेल किंवा आत पू झाला असेल, तर हे करावं लागतं. पक्ष्याची डोळ्यामागची नस आखूड असते. काढताना ताण पडला तर चांगल्या डोळ्याच्या नसेलाही धक्का बसू शकतो. म्हणून बरेच डॉक्टर डोळ्याचा आतला भाग काढतात आणि बाहेरचं कवच ठेवतात. त्यामुळे चेहऱ्याचा आकार आणि डोक्याचा तोलही टिकतो.

भूल देणं हेच अर्धं युद्ध

घारीचं वजन पाऊण किलोच्या आसपास. शरीराचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, ४० अंश सेल्सिअसच्या वर. भूल दिली की ते झपाट्याने उतरतं, म्हणून खाली गरम गादी ठेवतात. भूल आयसोफ्लुरेन नावाच्या वायूची असते. तो बंद केला की पक्षी लवकर शुद्धीवर येतो.

पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीचं हाड वरखाली होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. म्हणून पक्ष्याची छाती घट्ट दाबून धरली तर तो गुदमरतो. हे गच्चीवर त्याला टॉवेलमध्ये गुंडाळणाऱ्या माणसानेही लक्षात ठेवायला हवं.

मग आमच्या घारीचं ऑपरेशन का नाही झालं?

डॉक्टरांनी मला सोनोग्राफीचा फोटो दाखवला. काळ्या गोलात एक पांढरी तरंगती रेघ. "हा रेटिना. तो भिंतीला चिकटलेला हवा. आदळल्यामुळे सुटलाय. मोतीबिंदू म्हणजे खिडकीची धुरकट काच. काच बदलता येईल, पण आत बघणाराच नसेल तर?"

पक्ष्याचा सुटलेला रेटिना परत चिकटवणं माणसाइतकं सोपं नाही आणि माणसातही ते सोपं नसतं. ऑपरेशन म्हणजे भूल, त्यानंतर कित्येक दिवस पकडून ड्रॉप्स घालणं आणि प्रत्येक पकडण्याचा ताण. एवढं सगळं सोसून तिला त्या डोळ्याने दिसलं नसतंच. डोळा दुखत नव्हता, पू नव्हता. म्हणून तो तसाच ठेवला. मोतीबिंदू आहे म्हणजे ऑपरेशन करायचंच, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खरा प्रश्न होता, "ऑपरेशननंतर ती आकाशात परत जाऊ शकेल का?"

मी ओतलेल्या पाण्याबद्दलही विचारलं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं. चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. घारीने झटका देऊन मान फिरवली होती, म्हणून वाचली. नशीब तिचं.

पुनर्वसन: खरी परीक्षा ऑपरेशननंतर

* विश्रांती: सुरुवातीला छोटी, अंधारी, शांत जागा. भिंती कापडाच्या किंवा गुळगुळीत. जाळी असेल तर पक्षी त्यावर आपटून पिसं मोडतो आणि डोळा पुन्हा दुखावतो.
* बसायची दांडी: कडक दांडीवर सतत बसून तळव्याला फोड येतात, म्हणून तिच्यावर कृत्रिम गवत गुंडाळतात.
* वजन: रोज डिजिटल काट्यावर. पाऊण किलोच्या पक्ष्यात पन्नास ग्रॅमची घट म्हणजे मोठी गोष्ट.
* माणसापासून अंतर: लाड नाहीत, नाव ठेवणं नाही, सेल्फी तर नाहीच. सीसीटीव्हीवरून लक्ष ठेवतात. माणसाची सवय लागलेली घार बाहेर टिकत नाही.
* उडण्याचा सराव: आधी लांब दोरी बांधून, मग मोठ्या पिंजऱ्यात. मोबाईलचा स्लो-मोशन व्हिडिओ इथे कामाला येतो. दोन्ही पंख सारखे हलतात का, दांडीवर उतरताना अंदाज चुकतो का, हे डोळ्याला न दिसणारं व्हिडिओत दिसतं.

आमच्या घारीचा असाच एक व्हिडिओ मला पाहायला मिळाला. पहिल्या आठवड्यात ती डावीकडच्या दांडीवर उतरताना दर वेळी अर्धी वीत आधीच पाय काढायची आणि पडायची. मार्चपर्यंत तिने स्वतःच उपाय काढला. उतरण्याआधी मान डावीकडे वळवून उजव्या डोळ्याने पाहायचं, मग पाय टाकायचे. कोणी शिकवलं नव्हतं.

एका डोळ्याचा पक्षी सोडायचा का?

यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. हवेत वेगाने पक्षी पकडणाऱ्या ससाण्याला एका डोळ्याने नेम धरणं कठीण. गव्हाणी घुबडाची गोष्ट वेगळी. त्याचे कान थोडे वरखाली असतात, त्यामुळे आवाज कुठून आला हे त्याला अचूक कळतं. पूर्ण अंधारात नुसत्या आवाजावर ते उंदीर पकडतं, हे अमेरिकेत रॉजर पेन यांनी प्रयोगांनी दाखवलं होतं. घार मधली. ती शिकार करते, पण मेलेलं आणि टाकलेलंही खाते. म्हणून प्रत्येक पक्ष्याची स्वतंत्र चाचणी घेऊन डॉक्टर आणि वनविभाग निर्णय घेतात.

आमची घार मे महिन्यात, पावसाच्या आधी सोडली. खोक्यातून बाहेर आली, समोरच्या झाडावर बसली, मान डावीकडे वळवून आमच्याकडे उजव्या डोळ्याने पाहिलं आणि गेली.

ही कामं कुठे चालतात?

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून सुरू आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आणि पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत. जगात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचं रॅप्टर सेंटर आणि अबू धाबीचं फाल्कन हॉस्पिटल प्रसिद्ध आहेत. दिल्लीत घारींवर उपचार करणाऱ्या दोन भावांवर 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) हा माहितीपट निघाला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. घार मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या रुग्णालयाने ती घेतली नाही, तिथून त्यांचं काम सुरू झालं.

जखमी पक्षी दिसला तर: फोन हातात घ्या, पण असा

१. आधी कॉल, मग कॅमेरा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.
२. फ्लॅश बंद करून, लांबून एकच फोटो. पक्ष्याची जात आणि जखम कळण्यापुरता.
३. लाइव्ह लोकेशन फक्त मदतीला येणाऱ्याला पाठवा.
४. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाशी कापड घाला. अंगावर टॉवेल टाकून हळूच उचला, नख्यांपासून हात जपा. मग खोकं बंद करून शांत जागी ठेवा.
५. पाणी नाही, दूध-पाव नाही, हळद नाही.
६. घरातले आय ड्रॉप्स मुळीच नाहीत. स्टेरॉइडच्या ड्रॉप्सनी कॉर्नियाची जखम चिघळू शकते. आणि माणसांच्या काही ड्रॉप्समध्ये डायक्लोफेनॅक असतं. गुरांना दिलेल्या याच औषधामुळे भारतातली गिधाडं मोठ्या संख्येने मेली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.
७. मांजा गुंडाळलेला असेल तर ओढू नका. लांबचं टोक कापा, बाकीचं डॉक्टर सोडवतील.

नेहमीचे प्रश्न

बरा होईपर्यंत घरी ठेवला तर?
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्यपक्षी घरी ठेवणं गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर चालतील का?
प्रथमोपचार ते करू शकतात, पण वनविभागाला कळवणं गरजेचं. डोळ्याच्या ऑपरेशनला पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टरच लागतात.

घुबडाचा फोटो इन्स्टावर टाकू का?
टाकलात तर लोकेशन टॅग काढा, इमारत ओळखू येईल असं काही दाखवू नका. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात, दिवाळीच्या सुमारास जास्तच. तुमची पोस्ट कोणासाठी तरी पत्ता ठरू शकते.

आपण दुसरं काय करू शकतो?
संक्रांतीनंतरच्या रविवारी गच्चीवरचा आणि हाताला येणारा झाडांवरचा मांजा गोळा करा, तुकडे करून कचऱ्यात टाका. आमच्या सोसायटीत आम्ही हे सुरू केलं. पहिल्याच दिवशी एक बादली भरली.

गच्चीवरचा माझा तो फ्लॅशवाला व्हिडिओ मी डिलीट केला. आता फोनमध्ये १९२६ सेव्ह आहे. हा लेख वाचून झाला की तुम्हीही सेव्ह करा, अर्धं मिनिट लागेल. माझ्या दीड तासात घारीच्या डोळ्यात रक्त साचत होतं.